धनजच्या चढावरची थरथर

कामरगाव, रविवार

प्रिय धम्मा,

सप्रेम जयभीम.

परवा तुझा फोन मी मध्येच ठेवला, त्याचा राग धरू नकोस. तू नेहमीप्रमाणे विचारलंस, "बाबा, गाडीचं तेल बदललं का?" आणि मी म्हणालो, कुकरची शिट्टी झाली, नंतर बोलतो. घरात कुकर लावलेलाच नव्हता. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, कारण फोनवर तू दर वाक्याला "बरं मग?" म्हणतेस आणि माझं बोलणं तुटतं. म्हणून पत्र लिहितो आहे. तुझा बाप अजून पोस्टमनच्याच जमान्यात आहे म्हणून हसायचं तर हस. पण ओळीनं वाच, शेवटचं पान आधी उघडू नकोस. लहानपणी गणिताची उत्तरं तू तशीच पाहायचीस. तेलाचं काय झालं ते सांगतोच, पण त्याआधी वर्षभर तुझ्यापासून जे लपवलं ते सांगावं लागेल.

आपल्या प्रसेननं ही गाडी आणली तो दिवस तुला आठवत असेलच. लहानपणीच्या तापात त्याचा डावा पाय अधू झाला, तेव्हापासून क्लच असलेलं कुठलंही वाहन त्याच्या कामाचं नव्हतं, आणि कृषी खात्यातली नोकरी म्हणजे गावोगाव फिरणं आलंच. बिनक्लचची गाडी आपल्या गल्लीत पहिलीच. शेजारच्या पुंजाजींनी, ज्यांची वांगी आणि मेथी आपण फुकट खातो आणि वर नावंही ठेवतो, गाडीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "मंग गेर टाकते कोन?" प्रसेननं घरातले दोन टेबलफॅन आणून समोरासमोर ठेवले. एकाचं बटण दाबलं, तर वायर न लावलेल्या दुसऱ्याची पाती आपसूक फिरायला लागली. "असंच हाये, काका. इथं मधात हवा हाये, गाडीत तेल हाये." पुंजाजी त्या दुसऱ्या पंख्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग तुमचं बहीणभावाचं भांडण जुंपलं. गाडीच्या पुस्तकात छापलं होतं की गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलायची गरज नाही. तू म्हणालीस, आयुष्यभर म्हणजे कुणाच्या? कंपनीच्या लेखी वॉरंटी संपली की गाडीचं आयुष्य संपलं. तो म्हणाला, "ताई, छापलेलं हाये." छापील अक्षरावर एवढा विश्वास आपल्याच घरात असायचा, कारण ते आपल्याला फार उशिरा मिळालं. जेवायची वेळ झाली तरी तुम्ही दोघं त्या एका शब्दावर अडून बसला होता.

मग प्रसेनला तो डेंग्यू झाला. अमरावतीच्या दवाखान्यात काय झालं ते तुला ठाऊक आहे, मी पुन्हा लिहीत नाही. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू आल्यागेल्याला चहा दिलास, सतरंज्या झाडून घड्या घातल्यास, आणि परत निघताना बसच्या खिडकीतून मला एवढंच म्हणालीस, "बाबा, गाडीचं तेल बदलून घ्या, फार चालली आहे ती." तू होतीस तोवर आई निदान हुंकार तरी देत होती. तू गेलीस आणि तोही थांबला. फोनवर मी तुला सांगायचो की आई आंघोळीला गेली, आई झोपली, आई मळ्यात तुळसाबाईकडे गेली. खरं म्हणजे ती माझ्यासमोर बसलेली असायची. स्वयंपाक करायची, अंगण झाडायची, भाजीवाल्याला बोटांनी भाव विचारायची. तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले धक्का आहे, वेळ लागेल, गोळ्या द्या. धम्मा, पस्तिशी गाठलेल्या पोराला जाळून आलेल्या घरात बायको बोलेनाशी झाली की भिंतीसुद्धा अंगावर येतात. मी रेडिओ लावून ठेवायचो आणि त्याच्याशी भांडायचो.

तिला तपासायला अमरावतीला न्यायचं म्हणून मी गाडी शिकलो. निवृत्त मास्तरानं शाळेच्या मैदानात गाडी फिरवणं ही गावाला फुकटची करमणूक होती. जमली मला. त्या वाटेवर धनज गावाच्या अलीकडे रस्ता एका ठिकाणी चढतो, चढ म्हणजे फक्त सायकलवाल्यालाच कळेल एवढा. दोन्हीकडे काळं रान, थोड्या बाभळी, छप्पर उडालेला बसथांबा. तिथं कधीही काही घडलेलं नाही. अपघात झाला नाही, विहीर नाही, कुणी फास घेतलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे गावानं तिथं बरंच काही घडवलं. भर दुपार होती. सोयाबीन निघून गेलेलं, रान रिकामं, लांब काळविटांचा एक कळप उभा. चढाच्या मध्यावर गाडी थरथरली. रस्त्यावर आडव्या पट्ट्या मारलेल्या असाव्यात तशी, पण रस्ता गुळगुळीत होता. आणि आई मान थोडी मागे वळवून म्हणाली, "पाय लांब कर ना बाप्पा. मांगं जागा हाये."

आवाज अगदी रोजचा, पोळ्या लाटताना बोलावं तसा. मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर पाण्याची बाटली आणि तिच्या तपासण्यांचा लिफाफा. चढ संपला, थरथर थांबली, आई पुन्हा समोर पाहायला लागली आणि ओठ मिटले. मी गाडी कडेला घेऊन रडलो. ती माझ्याकडे असं पाहत होती की या माणसाला झालं तरी काय.

घरी आल्यावर मी तेच केलं जे जन्मभर पोरांना शिकवलं, कारण शोधलं. तू पाठवलेल्या लेखांतूनच सापडलं, की तेल जुनं झालं की साधारण अशाच हलक्या चढावर, एका ठरावीक वेगाला गिअरबॉक्समधली पकड सुटते-धरते आणि गाडी थरथरते. म्हणजे गाडीचं कळलं. आणि आईचं? आईला त्या थरथरीनं लेकाच्या पायाची आठवण झाली असेल, झोपेत त्याचा तो पाय थरथरायचा. मला पटलं. पटल्यावर मी काय केलं असेन? दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला घेऊन गेलो. मग रोजच जायला लागलो. धनजला चांगला खवा मिळतो, असं मी शेजाऱ्यांना सांगायचो. घरात तो खवा खायला कोण होतं?

प्रत्येक वेळी गाडी थरथरायची आणि प्रत्येक वेळी ती बोलायची. शेजारच्या घरात कुणी फोनवर बोलत असावं आणि आपल्याला एकच बाजू ऐकू यावी, तसं ते होतं. आधी थोडं थांबायची, ऐकल्यासारखी, मग उत्तर द्यायची. "नाई, थो डबा वरच्या फळीवर हाये." "हसून नोको राहू, तुह्या बाबाले गाडी येते आता." मी पुढे पाहत गाडी चालवायचो, आणि मानेमागे थंड वाटायचं, उन्हातसुद्धा. एकदा ती जरा रागावून म्हणाली, "ताईचा हात भाजला? मंग तिनं सांगतलं काहून नाई?" त्या संध्याकाळी मी तुला फोन करून सहज विचारलं, हात कसा आहे. तू म्हणालीस, बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं, इथं ऑफिसातसुद्धा कुणाला माहीत नाही. मी म्हणालो, असंच, वाटलं. धम्मा, मला काहीही वाटलं नव्हतं.

यात पुंजाजी सापडले. त्यांचा टेम्पो बिघडला म्हणून एकदा मेथीच्या जुड्या घेऊन मागच्या सीटवर बसले. चढावर गाडी थरथरली आणि आई म्हणाली, "सरक थोडा, काकाले बसू दे." पुंजाजी स्वतःच दाराला चिकटून बसले, जुड्या छातीशी धरून, आणि धनज येईपर्यंत त्यांनी मधल्या जागेकडे पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. त्या बसथांब्याजवळ लिंबं पडायला लागली, मग कुणीतरी नारळ फोडला, मग तिथं म्हणे पूर्वी एक नवरी पालखीतून पडून मेली होती. माझं डोकं फिरलं. आपल्या घरानं या सगळ्याला दार बंद केलं ते माझ्या बापाच्या काळात, आणि आता आपल्याच गाडीवरून लिंबं? मी स्टँडवर माणसं जमवली. तेच दोन टेबलफॅन नेले, हॉटेलातून वायर ओढली, आणि अर्धा तास समजावून सांगितलं की भूत नाही, तेल आहे. छान झालं भाषण. लोक माना डोलवत होते. तेवढ्यात पुंजाजी उठले आणि म्हणाले, "गुरुजी, मंग बदला ना तेल. थरथर गेली त आमी मानलं. नाई गेली त तुमी माना." टाळ्या पडल्या. करून पाहा, मग माना, हे वाक्य त्यातल्या निम्म्या लोकांना चौथीत मीच शिकवलं होतं. मी माझ्याच हातानं माझ्या गळ्यात दोरी घातली होती.

कारण तेल बदलून थरथर गेली असती, तर आईचा आवाज गेला असता. एवढंच होतं माझ्यापुढे, बाकी गाव गेलं खड्ड्यात. मी टाळायला लागलो. लोकांनी विचारलं की सांगायचो, पुस्तकात लिहिलंय, आयुष्यभर हात लावायचा नाही. अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरवालाही तेच म्हणाला होता, गिअरबॉक्स सीलबंद आहे, त्याला तेल मोजायची दांडीसुद्धा दिलेली नाही. वर्षभर तू फोनवर एक बोलत होतीस आणि मी मनातल्या मनात तुझ्या भावाची बाजू घेत होतो. शेवटी कारंज्याच्या हरीओमकडे गेलो, तो ऑटोमॅटिकचं काम करतो. तोही धड एक काही सांगेना. म्हणाला, "आईल जळालं असन गुरुजी. पन इतकं जुनं काढलं त कधीकधी गाडी उभीच राह्यते. आतल्या चकत्या घासून त्यायची भुकटी आईलात मिसळली असते, तिच्याच भरवशावर गेर धरते. नवं टाकलं की सुटून जाते." मग बदलू नको का, विचारलं, तर म्हणतो, "नाई बदललं त एक दिवस चढावरच सुटन." म्हणजे बदललं तरी आई गप्प, आणि नाही बदललं तरी एक दिवस गाडी बसणार आणि आई गप्पच.

त्या भुकटीची गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. त्या चकत्या घासल्या कुणी? प्रसेनच्याच उजव्या पायानं, वाशीम, केनवड, रिसोड, कुठकुठच्या बांधावर जाऊन. त्याचं रोजचं झिजणं त्या तेलात उतरलं होतं. हे मी विज्ञानाचा मास्तर लिहितो आहे, लक्षात घे.

थरथर वाढत चालली. आधी चढाच्या मध्यावर क्षणभर यायची, मग अर्धा चढ, मग अख्खा. आईही तेवढंच जास्त बोलायची. एकदा तर तिनं त्याला चिवळीची भाजी निवडायची कशी ते सांगितलं. मला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाचीच भीती वाटायची. एका सकाळी मी तिला न सांगता एकटाच गेलो. तोच चढ, तोच वेग, तेच तेल. गाडी लोण्यासारखी गेली. मी परत फिरून पुन्हा गेलो. काही नाही. मग म्हटलं, वजनाचा फरक असेल. सोयाबीनचं एक पोतं तिच्या सीटवर ठेवलं, तिच्याच वजनाचं. गाडी पट्टा लावा म्हणून किंचाळायला लागली, तेव्हा पोत्याला पट्टा लावला. पोत्याला घेऊन मी त्या चढावर जाऊन-येऊन थकलो. काहीही झालं नाही. बसथांब्याजवळ एक काळवीट अगदी रस्त्याला येऊन उभं होतं, आणि ते गाडीला बुजलं नाही. दुपारी आईला घेऊन गेलो. चढ सुरू झाल्याबरोबर स्टेअरिंग माझ्या हातात थरथरायला लागलं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. स्टँडवर भाषण ठोकणाऱ्यानं कुठल्या तोंडानं सांगावं?

एवढ्यात एका दुपारी तुळसाबाई, पुंजाजींची बायको, कोथिंबीर द्यायच्या निमित्तानं आली. दारातच उभी राहिली, पदराशी चाळा करत. म्हणाली, "गुरुजी, मानसायचं नोका ऐकू. आमचे हे त काहीबाही बोलते. नोका बदलू थे तेल. तेवढं तरी बोलते ना वैनी." मग थांबून म्हणाली, "पन एक सांगू? पोरगा किती दिवस गाडीतच बसून राहीन?" मी तिच्यावर चिडलो. भूतबित काही नसतं तुळसाबाई, असं जरा मोठ्यानंच म्हणालो. ती बिचारी कोथिंबीर उंबऱ्यावर ठेवून गेली. रात्रभर माझ्या कानात तेच वाक्य.

आता जे लिहितो त्याला हसू नकोस, किंवा हस, मीच स्वतःला हसलो होतो. अंगात येणाऱ्या बाईला भर मैदानात प्रश्न विचारून गप्प करणारा तुझा बाप, त्यानं गेल्या मंगळवारी त्या चढावर, गाडी थरथरत असताना, बायकोला म्हटलं, "पंचफुला, त्याला विचार, तेल बदलू का?" माझाच आवाज मला ओळखू येईना. ती थांबली. ऐकत राहिली. अख्खा चढ गाडी थरथरत होती, काचा वाजत होत्या. मग तिच्या तोंडावर हसू आलं, कितीतरी दिवसांनी, आणि ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलली, "बदला म्हनते. लय काळं झालं म्हनते." मग मान पुन्हा मागे वळवून ऐकलं आणि म्हणाली, "ताई बरोबर होती म्हनते."

धम्मा, या वाक्याशी तू थांबली असशील. मीही थांबलो होतो. तुमचं ते भांडण चाललं तेव्हा आई स्वयंपाकघरात होती, तिनं ऐकलं असेल, तिला आठवलं असेल. मी स्वतःला हेच सांगितलं. सांगत सांगतच घरापर्यंत गाडी चालवली.

बुधवारी हरीओमकडे गेलो. आईला घरी ठेवणार होतो, पण ती आधीच गाडीत जाऊन बसली होती. गाडी वर चढवली, खालची झाकणी उघडली आणि तेल खाली आलं. काळं, जळकं, दाट. हरीओमनं आतलं लोहचुंबक काढून दाखवलं, त्याला करडी भुकटी लगद्यासारखी चिकटली होती. आईनं ते त्याच्या हातातून घेतलं, पदरानं पुसून स्वच्छ केलं आणि परत दिलं. नवं तेल लाल होतं. ते भरून झाल्यावर त्यानं गाडीला यंत्र जोडलं आणि म्हणाला, "गुरुजी, गाडी चालवनाऱ्याचा पाय शिकून ठेवते. कवा दाबते, किती दाबते. थे जुनं सगळं पुसा लागते, मंगच नवं तेल मानवते. पुसू काय?" मला हो म्हणता येईना. गॅरेजमध्ये टीव्ही चालू होता, कुणीतरी टायर ठोकत होतं. मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली, घरी पाहुणा निघताना आपण हलवतो तशी. हरीओमनं बटण दाबलं.

घराकडे न वळता मी गाडी तडक धनजच्या वाटेला घातली. हरीओमची भीती खोटी ठरली, गिअर धरत होता, गाडी नव्यासारखी चालत होती. चढ आला. गाडी चढली. अर्धा चढ गेला, सगळा गेला, एक काच वाजली नाही. बाजूला आई समोर पाहत होती, ओठ मिटलेले. आत काय तुटलं माझ्या ते लिहिता येत नाही. मी गमावला होता तिचा आवाज, तोही स्वतःच्या हातानं, गाडी गॅरेजात नेऊन. मग चढाच्या माथ्यावर, त्या बसथांब्यापाशी, ती म्हणाली, "थांबवा." मी थांबवली. "मांगचं दार उघडा. उतरू द्या त्याले."

मी उतरलो. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी, देवमन मास्तर, मागचं दार उघडून उन्हात उभा राहिलो. एका पायानं अधू असलेल्या माणसाला गाडीतून उतरायला वेळ लागतो, हात द्यावा लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मी हात पुढे केला होता की नाही ते मला विचारू नकोस. एवढं सांगतो की मागची बाजू जरा वर आली, कुणी उतरल्यावर येते तेवढीच, आणि समोरच्या शेतातली काळविटं एकदम पळत सुटली. मी दार हळूच लावलं.

घरी येईपर्यंत ती बोलत होती, माझ्याशी. घरातली तूरडाळ संपली तरी मी आणली नाही, माझ्या शर्टाची गुंडी तुटली आहे, पुंजाजीला एवढं काय डोक्यावर बसवून ठेवलं. वर्षभराचं साचलेलं. स्टँडवर आता सगळे म्हणतात, गुरुजी जिंकले, थरथर तेलाचीच होती. पुंजाजींनी सगळ्यांसमोर मानलं. मी गप्प बसतो. मला जिंकल्यासारखं वाटत नाही, पण घरात आवाज आहे, आणि मला तो पुरतो.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. आईनं लिहायला लावलं. परवा संध्याकाळी शेंगा सोलताना सहज म्हणाली, "थो ताईकडं चालला म्हने. ताई बोलून नाई राह्यली कोनाशी, म्हने." मी म्हटलं, धम्मा तर दर आठवड्याला फोन करते. आई म्हणाली, "तेलाचं बोलते थे." आणि मला एकदम दिसलं, पोरी. वर्षभरात तू माझ्याशी एकदाही त्याचं नाव घेतलेलं नाहीस. चहा देताना रडली नाहीस, बसमध्ये चढताना रडली नाहीस. फक्त तेल बदला, तेल बदला. मी मूर्ख, गाडीचं पुस्तक उघडून तुला उत्तरं देत बसलो. भूत मी मानत नाही, आजही नाही, उद्या कुणी विचारलं तरी हेच सांगेन. पण तुझ्याही गाडीला क्लच नाही, आणि तू राहतेस त्या नाशिककडचे रस्ते चढाचेच. कुठं भर दुपारी तुझी गाडी थरथरली, तर घाबरून गॅरेज शोधू नकोस. वेग कमी कर, आरशात पाहू नकोस, आणि त्याच्याशी बोल. भांडलीस तरी चालेल. रडलीस तरी चालेल. त्याला नावानं हाक मार.

तुझाच, तुझ्या हाकेकडे कान लावून बसलेला,
बाबा